दोन सम्राट आणि एक मास्तर

स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना, तिथल्या भाजीबाजाराला लागून एक पुतळा आहे. चार पावलांवर कोबी आणि स्ट्रॉबेरीचे ढीग, पिशव्या घेतलेल्या आज्या भाव विचारतायत, आणि तिथेच व्हालेंतीन व्होदनिक उभे. स्लोव्हेनियन भाषेचे आद्य कवी, धर्मगुरू आणि पेशाने शाळामास्तर. पुतळा 1889 चा. तेव्हा समोर शाळा होती. 1895 च्या भूकंपानंतर ती पाडली आणि त्या जागी बाजार भरू लागला.

या माणसाला संधिसाधू म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. 1809 मध्ये, हा मुलूख ऑस्ट्रियाकडे असताना, त्यांनी ऑस्ट्रियाच्या बाजूने लढणाऱ्यांसाठी गाणी लिहिली हे खरं. त्याच वर्षी नेपोलियन जिंकला, ल्युब्लियाना फ्रेंचांच्या ताब्यातल्या नव्या मुलखाची, म्हणजे इलिरियन प्रांतांची राजधानी झाली, आणि 1811 मध्ये व्होदनिकांनी नेपोलियनच्या गौरवाची कविता लिहिली हेही खरं. वारा येईल तशी पाठ दिली, असं वाटेल. पण ती कविता छापली कुठे, ते बघा ना. शाळेतल्या मुलांच्या व्याकरणात!

तोवर तिथे शिक्षणावर जर्मनचा पगडा. फ्रेंचांनी प्राथमिक शाळांत स्लोव्हेनियन आणली, पण शिकवायचं कशातून? पन्नाशी ओलांडलेले व्होदनिक पुस्तकं लिहायला बसले. मी सव्वीस वर्षं वर्गात मराठी शिकवलं. मुलांच्या हातात त्यांच्याच भाषेत लिहिलेलं व्याकरण पडणार असेल, तर तो दिवस कुठल्या राजामुळे आला हे मी तरी बघत बसले नसते.

आणि नेपोलियन आल्यावर त्यांना ही भाषा आठवली असंही नाही. 1797 ते 1800 या काळात स्लोव्हेनियनमधलं पहिलं वर्तमानपत्र त्यांनी जवळपास एकहाती चालवलं. 1799 मध्ये चक्क स्वयंपाकाचं पुस्तक आणलं, भाषांतर करून. परतणं, उकडणं, मळणं, प्रत्येकाला आपला नेमका शब्द हवा. मला त्यांच्या कवितांपेक्षा हे काम मोठं वाटतं. कवितेत शब्द अडला तर ओळ बदलता येते, पाककृतीत ती सोय नाही.

1813 मध्ये ऑस्ट्रियन परतले. त्या कवितेचा राग होताच. व्होदनिकांना सक्तीने निवृत्त केलं.

तरी लेखणी थांबली नाही. सुईणींना बाळंतपण कसं करावं हे शिकवणारं पुस्तक त्यांनी स्लोव्हेनियनमध्ये आणलं. ते 1818 मध्ये छापून आलं. 8 जानेवारी 1819 ला मास्तर गेले.