जिप्सीत डिझेल इंजिन: हातोहात फिरणाऱ्या एका सल्ल्याला उत्तर

गेल्या पावसाळ्यापासून गोव्यातल्या ऑफ-रोड गाड्यांच्या हौशी मंडळींच्या मोबाइलवर एकच मजकूर पुनःपुन्हा येतो आहे. त्याचा आशय असा : मारुती जिप्सीचे १.३ लिटरचे पेट्रोल इंजिन चढावर आणि चिखलात कमी पडते. त्याच्या जागी स्विफ्टमधले १.३ लिटरचे टर्बो डिझेल इंजिन सरळ बसते आणि ते बसवले की ताकद दुप्पट होते, अ‍ॅव्हरेज दुप्पट होते, खर्च वर्षभरात वसूल होतो, डिझेलला स्पार्क प्लग नसल्यामुळे गाडी पाण्यातून निर्धास्त जाते आणि आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, इंधन बदलून घेणे ही निव्वळ कागदोपत्री बाब आहे. शेवटी, "आपल्या आजोबांनी जीपमध्ये हेच केले होते" असे एक वाक्य जोडलेले असते. सत्तरी तालुक्यातल्या माझ्या ओळखीच्या दोन तरुणांनी एवढ्या मजकुराच्या भरवशावर भंगारातल्या इंजिनासाठी आगाऊ रक्कम देण्याची तयारी केली, तेव्हा प्रत्येक मुद्द्याचे उत्तर लिहून काढणे मला आवश्यक वाटले. मी स्वतः अनेक वर्षे जिप्सी चालवतो आणि तिच्याविषयी मला ममत्व आहे, हेही आधीच सांगून ठेवतो.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात तथ्य आहे. विलीज घराण्यातल्या पेट्रोल जीपगाड्यांत डिझेल इंजिन बसवण्याची प्रथा आपल्याकडे खरोखरच होती, आणि त्या गाड्यांनी पुढे कित्येक वर्षे काम दिले. मात्र त्या जीपचे मूळ पेट्रोल इंजिन मंद फिरणारे होते, अ‍ॅक्सल दणकट होते, इंजिन-खोलीत माणूस उभा राहील इतकी मोकळी जागा होती आणि बसवले जाणारे डिझेल इंजिन पूर्णपणे यांत्रिक होते. त्याला ना संगणक लागे, ना सेन्सर. शिवाय तेव्हा पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरांतला फरक फार मोठा होता. १९८५ साली बाजारात आलेली जिप्सी ही वेगळ्या विचाराची गाडी आहे. हलके वजन हेच तिचे बळ; साधारण एक टन वजनाची ही गाडी जिथे तरंगल्यासारखी निघून जाते, तिथे तिच्याहून कितीतरी शक्तिमान गाड्या रुतून बसलेल्या मी कुळ्याच्या ओढ्यांत पाहिल्या आहेत. आजोबांचा दाखला जीपसाठी खरा आहे. तो जिप्सीला लागू होत नाही.

आता मुख्य दाव्याकडे, म्हणजे दुप्पट ताकदीकडे वळू. जिप्सीच्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळे पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनाची शक्ती ६००० आरपीएमला (मिनिटाला ६००० फेऱ्यांना) सुमारे ८० बीएचपी आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४५०० आरपीएमला १०३ न्यूटन-मीटर आहे. स्विफ्टच्या सुरुवातीच्या डिझेल इंजिनाची शक्ती सुमारे ७५ बीएचपी आणि टॉर्क २००० आरपीएमला १९० न्यूटन-मीटर आहे. म्हणजे शक्ती वाढत तर नाहीच, किंचित कमी होते. वाढतो तो टॉर्क, साधारण १.८४ पट. हा आकडा लक्षात ठेवावा. (मजकुराच्या काही आवृत्त्यांत झेन आणि एस्टीममध्ये येत असलेले जुने दीड लिटरचे बिनटर्बोचे डिझेल इंजिनही "स्वस्त पर्याय" म्हणून सुचवलेले आहे. त्याचा टॉर्क शंभर न्यूटन-मीटरच्या आसपासच असल्यामुळे तिथे दुप्पट काय, सव्वापटही पदरात पडत नाही.)

परंतु डोंगर चढते ते चाक, आणि चाकापर्यंत पोहोचणारा टॉर्क हा इंजिनाचा टॉर्क गुणिले गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलला वाटणारी गिअरपेटी) आणि डिफरन्शियल (अ‍ॅक्सलमधली, ताकद दोन चाकांत वाटणारी दातेरी चक्रे) यांची गुणोत्तरे असा असतो. जिप्सीचा पहिला गिअर ३.६५२, ट्रान्स्फर केसचा फोर-लो (चारही चाकांना संथ पण जोरकस फिरवणारा गिअर) २.२६८ आणि डिफरन्शियल ३.९०९ आहे, तिघांचा गुणाकार साधारण ३२ येतो. जगभर याच जातीच्या सुझुकी गाड्या चालवणारे लोक अनेक वर्षांपासून इंजिनाला हात न लावता ट्रान्स्फर केसमध्ये ४.१६ गुणोत्तराचे लो गिअर बसवत आले आहेत. ४.१६ ला २.२६८ ने भागा, उत्तर १.८३ येते. म्हणजे जी वाढ मिळवण्यासाठी संपूर्ण इंजिन बदलण्याचा सल्ला दिला जातो, नेमकी तितकीच वाढ फोर-लोमध्ये दोन-तीन दातेरी चक्रे बदलून चाकाला मिळते.

आणि ती अधिक उपयोगी ठिकाणी मिळते. दगडधोंड्यांतून गाडी चढवताना इंजिन हजार-बाराशे आरपीएमवर असते. त्या टर्बो डिझेलचे १९० न्यूटन-मीटर २००० आरपीएमला येतात. त्याखाली टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) पुरता फिरलेला नसतो, इंजिन मरगळलेले राहते आणि चालकाने चिडून अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ताकद एकदम येऊन चाके जागीच फिरू लागतात. हे इंजिन ज्याने ओल्या चढावर चालवले आहे, त्याला याचा अनुभव आहे. उलट गिअरच्या गुणोत्तरातून येणारी वाढ इंजिन अगदी आयडलवर असतानाही हजर असते. मूळ टायरच्या मापाने हिशेब केला तर हजार आरपीएमला फोर-लोच्या पहिल्या गिअरमध्ये जिप्सी ताशी सुमारे ४ किलोमीटर चालते, ४.१६ चे गिअर घातल्यावर तो वेग सुमारे २ किलोमीटरवर येतो. तीव्र उतारावर ब्रेकला फारसा पाय न लावता गाडी सावकाश उतरवायची असेल, तर हा फरक सोन्यासारखा आहे.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. वाढलेला टॉर्क कोणत्याही मार्गाने आला तरी अ‍ॅक्सलच्या शाफ्टवर आणि पुढच्या चाकांच्या सांध्यांवर ताण वाढतोच. फरक असा की लो गिअर बदलल्यास हा ताण फक्त फोर-लोमध्ये, अगदी कमी वेगात येतो, आणि ट्रान्स्फर केसच्या अलीकडचे क्लच, गिअरबॉक्स व मधला आखूड शाफ्ट यांच्यावर मूळचाच भार राहतो. इंजिन बदलल्यास ते सर्व भाग प्रत्येक गिअरमध्ये, साखळी शहरातून घरी परतताना सुद्धा, दुपटीच्या जवळ भार सोसत राहतात. जिप्सीची ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, रबरी माउंटिंगवर टांगलेली असते. वाढत्या टॉर्कने ती पिळवटली जाऊन ती रबरे फाटणे हे या बदलाचे ओळखीचे लक्षण आहे.

"इंजिन सरळ बसते" हे विधान तर कोणी बसवणारा करणार नाही. स्विफ्टमध्ये ते इंजिन आडवे असते आणि जिप्सीत उभे बसवावे लागते. त्यासाठी लेथवर कातलेली अडॅप्टर प्लेट, नवे माउंटिंग, बदललेला क्लच, पुढच्या अ‍ॅक्सलला आपटू नये म्हणून कापून पुन्हा जोडलेला ऑइल संप, मोठा रेडिएटर, इंटरकूलरला जागा, टाकीकडे परतणारी डिझेलची नळी, पाणी वेगळे करणारा फिल्टर, ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि त्याचे संपूर्ण वायरिंग लागते. जिप्सीचा इंजिन-ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, तर त्या डिझेलचा बिडाचा आहे. वाढलेले सगळे वजन पुढच्या स्प्रिंग-पाट्यांवर पडते आणि चिखलात गाडीचे नाक आधी खाली जाते.

या यादीत एक वस्तू बहुतेक वेळा सुटते आणि तिच्यावर जीव अवलंबून असतो, म्हणून थोडे थांबून सांगतो. जिप्सीचा ब्रेक बूस्टर (पायाचा जोर वाढवून ब्रेक हलका करणारा भाग) व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या पोकळीवर, चालतो, आणि पेट्रोल इंजिनात हे व्हॅक्यूम थ्रॉटलच्या मागे, इनटेक मॅनिफोल्डमध्ये आपोआप तयार होते. डिझेलमध्ये हवा तशी अडवली जात नाही, त्यामुळे स्वतंत्र व्हॅक्यूम पंप लागतो. अनेक जुन्या डिझेल इंजिनांत हा पंप आल्टरनेटरच्या मागच्या टोकाला बसवलेला असतो. माझ्या एका स्नेह्याने जुन्या टॅक्सीचे डिझेल इंजिन आपल्या जिप्सीत बसवून घेतले. बसवणाऱ्याने गाडीचा मूळ आल्टरनेटर चांगला आहे म्हणून तोच ठेवला, आणि त्याबरोबर पंपच नाहीसा झाला. गावातल्या सपाट रस्त्यावर कोणाच्या ध्यानात आले नाही. चोर्ला घाट उतरताना मी त्याच्या शेजारी बसलो होतो. पेडल दगडासारखे झाले होते आणि दोन्ही पाय लावून, गिअर उतरवत, डोंगराच्या कडेला गाडी घासत त्याने ती थांबवली. त्या दिवसापासून मी कोणाच्याही बदललेल्या जिप्सीत बसण्याआधी बॉनेट उघडून बूस्टरची नळी कुठे जाते ते पाहतो.

पाण्याचा मुद्दा अर्धाच खरा आहे. जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेलला ठिणगीची गरज नसते, त्यामुळे वायर भिजून ते बंद पडत नाही. पण ज्या इंजिनाची शिफारस केली जात आहे ते कॉमन रेलचे, म्हणजे संगणकाच्या हुकमाने डिझेल फवारणारे आहे. त्याचे सेन्सर आणि ईसीयू पाण्याला पेट्रोल इंजिनाइतकेच भितात. आणि इंजिनाचा खरा घात हवेच्या वाटेने आत शिरलेले पाणी करते. पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतात. डिझेलचे कॉम्प्रेशन पेट्रोलच्या जवळपास दुप्पट असल्यामुळे सिलिंडरमध्ये वरची जागा फारच थोडी उरते, म्हणून थोड्याशा पाण्यानेही नुकसान होते. पावसाळ्यानंतर कुळ्याहून दूधसागरकडे पर्यटकांना नेणाऱ्या जीपगाड्या ओढे पार करतात, त्या हवेचे तोंड किती उंचावर आहे आणि चालकाला तळ किती माहीत आहे यांच्या बळावर. उंच स्नॉर्कल (छताच्या पातळीवरून हवा घेणारी नळी) बसवणे आणि डिफरन्शियलच्या ब्रीदर (हवा खेळवणाऱ्या) नळ्या वर घेणे, ही दोन कामे पेट्रोल जिप्सीवरही होतात.

पैशांचा हिशेब फार वेळ घेणार नाही. गोव्यात पेट्रोल आणि डिझेलच्या दरांत अलीकडे लिटरमागे आठ-नऊ रुपयांचा फरक असतो. पेट्रोल ९६ रुपये आणि १० चे अ‍ॅव्हरेज, डिझेल ८८ रुपये आणि १४ चे अ‍ॅव्हरेज धरू. हलक्या पण चौकोनी, वारा अडवणाऱ्या, चारही चाके ओढणाऱ्या या गाडीकडून दुपटीची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. किलोमीटरमागे बचत सुमारे ३ रुपये ३० पैसे होते. इंजिन, जुळवणी, वायरिंग, रेडिएटर आणि मजुरी मिळून मी दोन लाख रुपये धरतो. ते वर्षात वसूल करण्यासाठी साठ हजार किलोमीटर गाडी चालवावी लागेल, आणि तेरेखोलपासून पोळेपर्यंत आपले अवघे राज्य सुमारे १०५ किलोमीटर लांब आहे. हौसेची जिप्सी वर्षाला सहा हजार किलोमीटर चालली तर दहा वर्षे लागतील. दरांतला फरकही कायमचा नसतो. एप्रिल २०१२ मध्ये गोवा सरकारने पेट्रोलवरील व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला तेव्हा पेट्रोल एका दिवसात सुमारे ११ रुपयांनी उतरले होते. पुढे ती सवलत ओसरली. ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्राने डिझेलचे दर नियंत्रणमुक्त केले आणि "डिझेल म्हणजे स्वस्त" या समजुतीचा पायाच गेला.

राहिला आरसीचा मुद्दा, आणि तोच सर्वांत निष्काळजीपणे मांडला गेला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात असा बदल करता येत नाही, की ज्यामुळे नोंदणीपत्रावरील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपासून वेगळे होतील. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा हाच कडक अर्थ कायम केला. वेगळ्या इंधनासाठी कायद्यात जे परंतुक आहे ते विहित अटींनुसार किट बसवण्यापुरते आहे. भंगारातले इंजिन आणि लेथवर कातलेली प्लेट म्हणजे असे किट होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

दंडापेक्षा रोजची अडचण मोठी आहे. पीयूसी करताना पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड मोजतात आणि डिझेलच्या धुराची घनता. नोंदीत पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल तर खरे प्रमाणपत्र मिळण्याचा मार्गच राहत नाही. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर नोंदणी नूतनीकरणासाठी गाडी वाहतूक खात्यापुढे न्यावी लागते, तेव्हा इंजिन क्रमांक पडताळला जातो. जिप्सीचे उत्पादन थांबून काही वर्षे झाली असल्यामुळे आज रस्त्यावर असलेल्या बहुतेक जिप्सी त्या टप्प्याला पोहोचल्या आहेत किंवा पोहोचत आहेत. आणि अपघात झाला, त्यात दुसऱ्या कोणाला इजा झाली, तर विमा कंपनीचा सर्वेक्षक सर्वप्रथम तोच क्रमांक पाहील. "आमच्या ओळखीच्या एकाचे झाले" हे त्या वेळी उत्तर होऊ शकत नाही.

डिझेल हवेच असेल, रोज खाणपट्ट्यातून किंवा काजूच्या बागायतीतून ओझे वाहायचे असेल, तर कारखान्यातूनच डिझेल म्हणून बाहेर पडलेली गाडी घ्यावी. महिंद्राच्या जुन्या थारमधले अडीच लिटरचे सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) इंजिन २४७ न्यूटन-मीटर टॉर्क देते. तिचे ब्रेक, अ‍ॅक्सल, रेडिएटर आणि आरसी त्या इंजिनासाठीच तयार झालेले असतात. जिप्सी ठेवायची असेल तर ट्रान्स्फर केसचे गिअर, चांगले टायर, स्नॉर्कल आणि मागच्या अ‍ॅक्सलला लॉकर (दोन्ही चाके एकत्र फिरवणारे कुलूप), या क्रमाने पैसे घालावेत; आरसीवर इंजिन क्रमांक, घनक्षमता आणि इंधन लिहिलेले असते, ट्रान्स्फर केसचे गुणोत्तर लिहिलेले नसते. सत्तरीतल्या त्या दोघांना मी हेच सांगितले आहे आणि आगाऊ रक्कम देण्यापूर्वी एकदा माझ्या गाडीतून केरीचा चढ फोर-लोमध्ये चढून पाहायला बोलावले आहे.