वाळू ओली आहे

डिसेंबर संपत आला की बेळगावात घरटी निदान दोन डायऱ्या येतात. एक, ज्या सोसायटीत आपली ठेव आहे तिची. दुसरी, ज्या सोसायटीचे हप्ते थकलेत तिची. दुसरीचा कागद बरा असतो. रात्री जेवण झाल्यावर आपण ती कोरी पानं चाळतो, नव्या कागदाचा वास घेतो आणि जाहीर करतो, की यंदा रोज लिहायचं. काम काय केलं, हवा कशी होती, काय खाल्लं, मनात काय आलं. घरातली माणसं मान वर न करता ‘हो की’ म्हणतात.

तुम्हीही असं काही ठरवलं असेल, तर अनुभवी माणसाचं ऐका. मी आजवर एकवीस डायऱ्या लिहायला घेतल्या. त्यांतल्या एकीनंही संक्रांतीचा तिळगूळ पाहिलेला नाही. या विषयात माझ्याइतका अधिकारी माणूस निपाणीपासून खानापुरापर्यंत सापडायचा नाही.

पहिल्या पानावर घाई करू नका. तिथं नाव, रक्तगट, गाव असे रकाने असतात. रक्तगट बिनधास्त लिहा. गावापाशी मात्र जपून. आपण म्हणतो बेळगाव, साहेबलोक म्हणायचे बेलगाम, जुन्या लेखांत सापडतं वेणुग्राम, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदोपत्री आहे बेळगावी. दोन इंचांच्या रकान्यात यातलं काय लिहावं, यावरून आमच्याकडे एकदा पाहुण्यांसमोर आवाज चढलेत. हल्ली मी तिथं नुसतं ५९०००६ लिहितो. पिनकोडाला भाषा नसते.

आता काम. कामाबद्दल लिहायचं तर आधी काम करावं लागतं, असा एक गैरसमज लोकांत आहे. मी उद्यमबागेत एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, हिशेब बघतो. हिशेब बघतो म्हणजे फोन घेतो. पुण्याच्या पार्टीचा फोन आला की त्यांचं मराठी आणि आमचं मराठी बराच वेळ एका वाटेनं चालतं, आणि ‘की’पाशी फाटा फुटतो.

“कास्टिंग झालं का?”

“झालं की.”

“मग गाडी भरली?”

“भरतो की.”

“आज निघेल ना नक्की?”

“निघतंय की.”

पुण्याचा माणूस समाधानानं फोन ठेवतो. त्याला वाटतं, ‘की’नं वाक्याला जोर आला. नव्यानं बदली होऊन आलेल्यांनी हे पाठच करून ठेवावं. ‘करतो’ म्हणजे करतो. ‘करतो की’ म्हणजे तुमचं म्हणणं कानावर आलं, तुमच्याबद्दल मनात वाईट काही नाही, पुढचं पुढं. ‘करूया की’ म्हणजे विषय संपला. आणि समोरचा ‘बघूया की’ म्हणाला, तर चहा पिऊन घरी जावं. चहा तो पाजणार. त्यात ‘की’ नसतो.

पावसाळ्यात मात्र नुसत्या ‘की’वर भागत नाही, अस्सल कारण लागतं. ते आम्हाला आमच्या धंद्यानंच दिलंय: वाळू ओली आहे. थट्टेवारी नेऊ नका. साच्याच्या वाळूत थोडं पाणी लागतंच, नाहीतर ती बांधली जात नाही. पण जरा जास्त झालं की वितळलेलं लोखंड ओतताक्षणी त्या पाण्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती लोखंडातच अडकते, आणि थंड झाल्यावर कास्टिंगच्या पोटात भोकं राहतात. वरून तुळतुळीत, मशीनवर चढवून पहिला कट घेतला की आतलं ब्लोहोल डोळा उघडून आपल्याकडे बघतं. तेव्हा जुलैत वाळू ओली असणं ही शास्त्रीय बाब आहे. पार्टी इंजिनिअर असली तर लगेच गप्प होते.

हे कारण फौंड्रीबाहेरही चालतं, हा शोध मात्र माझा. धाकट्या भावानं गेल्या पावसाळ्यात विचारलं, वाटणीच्या कागदांचं काय झालं. मी सवयीनं म्हणालो, “अरे, वाळू ओली आहे.” तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “असंय होय.” परत विचारलं नाही. डायरीत एखादा आठवडा कोरा राहिला तर तुम्हीही तेवढंच लिहा. वाचणारा फार खोदत नाही.

उशिरा पोचण्याचं कारण वेगळं. टिळकवाडीत रेल्वेगेटं तीन: पहिलं, दुसरं आणि तिसरं. नावं ठेवतानासुद्धा कुणी जीव शिणवलेला नाही. ‘गेट पडलं होतं’ या तीन शब्दांवर इथल्या तीन पिढ्यांनी नोकऱ्या काढल्या. पुढं तिसऱ्यावर उड्डाणपूल झाला आणि माझी हातातली सबब गेली. विकासाची किंमत कोण मोजतो, याचा विचार कुणी करत नाही. आता मी मुद्दाम दुसऱ्या गेटाकडून वळसा घालून कामावर जातो.

तरी कामाबद्दल मनात अपराधी वाटत असेल, तर हायवेवर हलग्याच्या अंगाला एक चक्कर मारून या. तिथं सुवर्ण विधानसौध उभी आहे. ११ ऑक्टोबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते उद्घाटन झालं. बेंगळुरूचं सरकार पाचशे किलोमीटर तुडवत हिवाळी अधिवेशनाला येतं, दहाबारा दिवस कामकाज चालतं, आणि मग काही कचेऱ्या सोडल्या तर वास्तू शांतपणे पुढच्या डिसेंबरची वाट बघते. वर्षाला दहाबारा दिवस काम आणि वर्षभर मान. एवढी मोठी इमारत ज्या आदर्शानं जगते, त्या आदर्शापुढं आपण कोण?

हवेकडे येऊ. कोरं पान भरायला हवेसारखी गोष्ट नाही, पण तिची एक रीत आहे. घरी पुण्याबिण्याचा पाहुणा आला की पहिल्या पाच मिनिटांत ‘गरिबांचं महाबळेश्वर’ हे शब्द उच्चारले गेले पाहिजेत. मग समुद्रसपाटीपासून अडीच हजार फूट. मग ‘पूर्वी इथं पंखा लागत नव्हता’. हे शेवटचं वाक्य पंख्याखाली बसूनच म्हणावं, आणि म्हणताना पंखा एकनं वाढवावा. आमच्या जुन्या कौलारू घरात पंख्याला हूकच नव्हता, हे खरं आहे. आता एकाच खोलीत दोन आहेत, हे पाहुणा स्वतः बघतो.

पावसाबद्दल ‘पाऊस पडला’ असं लिहू नका. ते मुंबईकरांनी लिहावं. आपल्याकडे भुरभुर वेगळी, झिमझिम वेगळी, पिरपिर वेगळी, आणि रिपरिप म्हणजे घरात दोऱ्या बांधून कपडे वाळत घालायची वेळ. शिवाय नक्षत्र हवं. मृग कोरडा गेला, की पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा यांच्यावर भिस्त ठेवायची. पंचांगात नक्षत्राचं वाहनही दिलेलं असतं. बेडूक असलं की माणसं खूष, कोल्हा असला की तोंडं पडतात. फोनवर उपग्रहाचा ढग दिसत असूनही आमचे मालक अजून वाहन विचारतात आणि त्यावर वाळू किती भरून ठेवायची ते ठरवतात. दोन्ही अंदाज सारखेच चुकतात, पण बेडकावर राग धरता येत नाही.

जिल्हाही असा, की पश्चिमेला कणकुंबीत, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथला माणूस कांबळं वाळवायला ऊन शोधतो, आणि पूर्वेला अथणीचा माणूस त्याच आठवड्यात ढग शोधतो. दोघांना फोन लावून विचारा. दोघंही म्हणतील, “हवेचं काय खरं नाही बघा.”

जुलैत राकसकोपचं धरण भरलं की गाव गाड्या काढून पाणी बघायला जातं. जावं. सांडव्यावरून पडणारं पाणी बघावं, भिजावं, गरम कणीस खावं, फोटो काढावेत. आणि घरी येऊन पाय धुवायला नळ सोडला की तो आधी खाकरतो, मग फुस्स करतो, मग गप्प होतो. आमच्या गल्लीत पाण्याचा वार असतो, तो वार कोणता हे मात्र पाणी ठरवतं. धरण भरलं त्या दिवशी मी कळशीतल्या पाण्यानं पाय धुतले, हे डायरीत लिहिलं होतं. ७ जानेवारीच्या पानावर. जुलैत तेच पहिलं कोरं पान होतं.

मनात विचार आले तर त्यांना फार लांब जाऊ देऊ नका. बेळगावात कुठलाही विचार तिसऱ्या ओळीत १९२४ ला पोचायला हवा. गांधीजी आयुष्यात एकाच काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले आणि ते आमच्या टिळकवाडीतलं, हे ज्यानं चारचौघांत सांगितलं नाही, त्याचं रेशनकार्ड तपासून घ्यावं. त्या अधिवेशनासाठी खणलेली विहीर अजून आहे. पाहुणे येणार म्हणून त्या लोकांनी आधी विहीर खणली. आपण टँकरवाल्याला मिस्ड कॉल देतो.

खाण्याचं पान मात्र मन लावून लिहा, इथं आळस नको. कुंदा कसा जन्मला याची गोष्ट गावात सांगतात: एका हलवायानं दूध आटवायला ठेवलं आणि विसरला. आठवण झाली तेव्हा चुलीवर तपकिरी, रवाळ, खमंग असं काहीतरी झालेलं. दुसऱ्या गावात त्याला बोलणी बसली असती. आम्ही ते वजनावर विकतो, रांगा लावून घेतो आणि मुंबईच्या गाडीत बसणाऱ्याच्या मांडीवर डबा ठेवतो. कामात लक्ष नसण्याचं एवढं गोड फळ मी दुसरं पाहिलेलं नाही. माझ्या फौंड्रीतही कधी कधी भट्टीकडं दुर्लक्ष होतं, पण तिथं निघतं ते कुणी खात नाही.

मांड्यांचंही तसंच. बाकीचे मराठी लोक मनात मांडे खातात. आमच्याकडे ते खरोखर करतात, रुखवतात घडी घालून ठेवतात आणि उचलताना मोडतात. ज्या गावात मांडे ताटात येतात, तिथल्या माणसानं मनात काय खावं? यावर मी बराच विचार केलाय. उत्तर उप्पीट असं येतं. सकाळी नऊला हॉटेलात उप्पीट, त्यावर वाटीभर सांबार, मग बाय टू चहा. बाय टू मागताना लाजू नका. एक चहा दोघांत म्हणजे चिकटपणा नव्हे. त्या निमित्तानं दुसरा माणूस वीस मिनिटं समोर बसतो, आणि तेवढ्यात साडेनऊ वाजून गेलेले असतात. कपात चहा तीन घोट. तिसऱ्यापर्यंत ‘काय विशेष’ आणि ‘काय नाही बघ’ एवढं बोलून होतं, आणि तेवढ्यासाठीच आलेलो असतो.

एका पानाबद्दल मात्र स्वतंत्र सांगायला हवं: १ नोव्हेंबर. डायरीत ते लाल छापलेलं असतं. एकीकडे लाल-पिवळे झेंडे, ढोल, राज्योत्सवाची मिरवणूक. दुसरीकडे महाराष्ट्रात जाऊ पाहणाऱ्यांचा १९५६ पासूनचा काळा दिन, दंडाला काळी फीत, फेरी. पोलीस दोन्हीकडं. तुम्ही कुठं होतात हे लिहू नका. डायऱ्या कपाटात राहतात आणि कपाटं वाटणीत भावाकडं जातात. नाश्त्याला काय खाल्लं तेवढंच लिहा. मी एकदा त्या सकाळी इडली खायला गेलो, तर एका टेबलावर काळी फीत आणि लाल-पिवळं उपरणं समोरासमोर बसून एकाच भांड्यातली चटणी घेत होते. चटणी संपली तेव्हा दोघांनी एकदमच हात वर केला. एकानं मराठीत मागितली, एकानं कन्नडमध्ये. पोऱ्यानं मान हलवली आणि पाणी आणून ठेवलं.

एवढं सगळं पाळलंत, तर डायरी नक्की वठेल. माझी का वठली नाही विचाराल तर… वाळू.

गेल्या रविवारी रद्दीवाला आला म्हणून जुन्या डायऱ्या खाली काढल्या. माझी पानं पुढून पाचसहा, बाकी कोरी असं मी धरून चाललो होतो. पण एकवीसपैकी बहुतेक सगळ्या मागून भरलेल्या निघाल्या. आमच्या घरचा दुधाचा हिशेब. दूधवाला मार्कंडेय नदीच्या पलीकडच्या गावातून येतो. आला की टिक, नाही आला की फुली, आणि फुलीपुढं बायकोच्या बारीक अक्षरात कारण. मी उभ्याउभ्या चाळायला लागलो. रद्दीवाला “घेऊ की नको?” म्हणाला. मी “देतो की” म्हणालो, आणि तो समजून पुढच्या दारी गेला. तो इथलाच आहे.

एका जुलैचं पान असं होतं:

‘१९: अर्धा लिटर. पातळ. विचारलं तर म्हणे पावसाचं पाणी पडलं.
२०: फुली. पुलावर पाणी.
२१: फुली. नळालाही नाही. हे मात्र धरण बघून आले.
२२: एक लिटर. खीर करणार होते. ह्यांना लक्ष ठेवायला सांगितलं, पेपर वाचत बसले. लागलं. कुंदा झाला म्हणतात. भांडं अजून भिजत घातलंय.’