पाण्यावरच्या गाडीचा शोध कुणी दाबला?

पेट्रोल वाढलं की स्टॅनली मेयर व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा जिवंत होतो. अमेरिकेतल्या ओहायोचा हा गृहस्थ. आपली डून बग्गी (वाळूवर पळवायची छोटी उघडी गाडी) लॉस एंजेलिस ते न्यू यॉर्क ८३ लिटर पाण्यात जाईल म्हणायचा, आणि मार्च १९९८ मध्ये ग्रोव्ह सिटीतल्या एका हॉटेलात जेवता जेवता अचानक गेला. फॉरवर्ड इथंच संपतो. पुढे 'तेल कंपन्यांनी विष घातलं, जास्तीत जास्त शेअर करा'.

फॉरवर्डमध्ये नसलेला भाग असा. शवविच्छेदनात मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा फुटल्याचं निघालं. त्याआधी १९९६ मध्ये, पैसे गुंतवलेल्या दोघांनी त्याला कोर्टात खेचलं होतं. तज्ज्ञांनी त्याचा 'फ्युएल सेल' तपासला, तर आत शाळेत शिकवतात तेच पाण्याचं विद्युत अपघटन, म्हणजे विजेने पाणी फोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करणं. कोर्टाने ही ढळढळीत फसवणूक आहे असं म्हणून दोघांचे २५,००० डॉलर परत करायला लावले.

आणि 'शोध दाबला' म्हणजे नेमकं काय केलं? मेयरच्या नावावर पेटंटं होती. पेटंट घ्यायचं म्हणजे शोध आकृत्यांसकट जगापुढे उघडा करायचा आणि त्या बदल्यात ठरावीक वर्षं मक्तेदारी मिळवायची. ती वर्षं कधीच संपली. आज ती पेटंटं कुणीही फुकट वाचावीत, चाकणमधल्या शेडमध्ये बनवावीत, विकावीत. कुणाची परवानगी लागत नाही. आपला देश ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, चीनही बहुतेक तेल आयातच करतो. पाण्यावर गाडी चालली असती तर या दोन सरकारांनी ती दाबली असती का? डोक्यावर घेऊन नाचली असती.

आता हिशेबाकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे.

पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन. जळताना जी ऊर्जा बाहेर पडायची ती पडून गेली. ते पुन्हा फोडायचं तर किमान तेवढीच ऊर्जा परत घालावी लागते. एक लिटर पाणी फोडायला कागदावर सुमारे ४.४ युनिट वीज लागते, प्रत्यक्षात चांगल्या औद्योगिक यंत्रालाही साडेपाच-सहा युनिट. त्यातून निघतो १११ ग्रॅम हायड्रोजन, आणि तो जाळून मिळतात जेमतेम ३.७ युनिट. तुमच्या छोट्या गाडीतली १२ व्होल्ट, ३५ अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात अर्धा युनिटसुद्धा नसतो. 'रेझोनन्स', 'पल्स', 'हाय फ्रिक्वेन्सी' असे शब्द कितीही लावा, सुरुवातीला पाणी आणि शेवटीही पाणीच असेल तर मधल्या मधे शिल्लक काही उरत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

हे ऐकलं की विकणारे लगेच पवित्रा बदलतात. "पूर्ण पाण्यावर नाही हो, पेट्रोलला मदत करतं. ॲव्हरेज ३० टक्के वाढतं." हे एचएचओ किट, म्हणजे गाडीतल्याच विजेने पाणी फोडून हायड्रोजन-ऑक्सिजनचा मिश्र गॅस इंजिनात सोडणारी जोडणी. हे नीट उघडून बघण्यासारखं आहे, कारण आपल्याकडे खरा पैसा यातच जातो.

किटमध्ये असतं काय? ३१६-एल स्टेनलेस स्टीलच्या प्लेटा, मधे रबरी गॅस्केट लावून दोन-तीन मिलिमीटर फट ठेवून आवळलेल्या. साधारणपणे दोन टोकांना प्लस आणि मायनस, मधे पाच न्यूट्रल प्लेटा, म्हणजे सहा सेल. प्रत्येक सेलला २.३ व्होल्टच्या आसपास मिळतात. पाण्यातून वीज वाहावी म्हणून डिस्टिल्ड वॉटरमध्ये कॉस्टिक पोटॅश. गॅस आधी बबलरमधून, म्हणजे पाण्याच्या बरणीतून, आणि तिथून एअर फिल्टरच्या पुढच्या पाइपात. ३० अँपिअरचा रिले, फ्यूज, आणि किट बरं असेल तर करंट आवरायला पीडब्ल्यूएम कंट्रोलर.

समजा हा सेल २० अँपिअर खेचतो. किती करंटला किती गॅस हे फॅरेडेचा नियम सांगतो; त्या नियमाने सहा सेलमधून मिनिटाला जास्तीत जास्त १.४ लिटर गॅस निघेल. हायड्रोजनचं वजन धराल तर तासाला साडेचार ग्रॅम. तो पूर्ण जळला तरी मिळणारी उष्णता १५० वॅट. तीच गाडी ताशी ६० च्या वेगाने लिटरला २० किलोमीटर देत असेल, तर तासाला तीन लिटर पेट्रोल जाळते, म्हणजे सुमारे २६,७०० वॅट. गॅसचा वाटा अर्धा टक्का.

आणि हा अर्धा टक्का फुकट नाही. २० अँपिअर गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे २७६ वॅट वीज. इंजिनावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर ती बनवताना बेल्टवरून ५०० वॅट ओढतो. इंजिनाला ते ५०० वॅट द्यायला सुमारे २,००० वॅटचं पेट्रोल जाळावं लागतं. दोन हजार घालून दीडशे परत. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

"आमचा सेल मिनिटाला सहा लिटर देतो" असं कुणी म्हणालं, तर अँपिअर विचारा. फॅरेडेच्या आकड्यापेक्षा जास्त गॅस दिसत असेल तर ती वाफ असते. सेल तापला की पाणी उकळीला येतं आणि बबलरमधून भरपूर बुडबुडे निघतात. तोच पाइप बर्फाच्या पाण्यातून फिरवून मग मोजा, आकडा धपकन खाली येतो. मोजायची पद्धत सोपी आहे: पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली पाण्याच्या टबात उलटी धरायची, खालून गॅस सोडायचा आणि बाटली रिकामी व्हायला किती सेकंद लागतात ते पाहायचं. त्याच वेळी सेलच्या वायरला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर. मात्र ही बाटली नंतर काडीच्या, ठिणगीच्या आसपास नेऊ नका. हायड्रोजन आणि ऑक्सिजन आधीच नेमक्या प्रमाणात मिसळलेले असतात. अंगावरच्या कपड्यांची स्थिर विजेची ठिणगीसुद्धा पुरते.

मग काही लोकांना ॲव्हरेज वाढलेलं दिसतं ते कसं? ते सगळेच खोटं बोलत नाहीत. किट बसवताना मेकॅनिक एअर फिल्टर बदलतो, प्लग साफ करतो, टायरमध्ये हवा भरतो. पैसे घातले म्हटल्यावर मालकही ॲक्सिलरेटर हलकाच दाबतो. त्यात मोजणी 'टाकी फुल ते टाकी फुल'. पंपाचं नोझल कधी लवकर कट होतं, कधी उशिरा. ३०० किलोमीटरला १५ लिटर लागले तर ॲव्हरेज २०. एक लिटर कमी भरलं गेलं की तेच २१.४, एक लिटर जास्त गेलं की १८.७५. एका लिटरच्या घोळात सात टक्के 'वाढ' हातात.

दुसरं कारण जास्त वाईट. बऱ्याच किटमध्ये ईएफआयई नावाची एक छोटी डबी असते. ती धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या सिग्नलमध्ये थोडे व्होल्ट मिसळते. सेन्सर साधारण ०.४५ व्होल्टच्या वर-खाली नाचत असतो. त्यात ०.२ व्होल्ट जास्तीचे घातले की ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं पेट्रोल जास्त होतंय, आणि तो इंजेक्टर आखडता घेतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) गाडीत हेच काम पेट्रोलचं जेट आवळून करतात. गाडी लीन चालते, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. थोडं पेट्रोल खरंच वाचतं, पण श्रेय पाण्याला जातं! बदल्यात पिकअप मरतो, चढावर मिसफायर होतं, धुरातले नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, कारण धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ते फक्त नेमक्या मिश्रणावरच निपटू शकतो. आणि ते मिसफायरचं न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटलं की आतली जाळी वितळते. नवा कन्व्हर्टर घ्यायला गेल्यावर कळतं किती पेट्रोल वाचलं ते.

बाकी बिघाडही ठरलेले आहेत. सेल गार असताना १५ अँपिअर घेतो, तासाभरात तापला की त्याचा विरोध कमी होऊन करंट २५-३० वर जातो, आणि पीडब्ल्यूएम नसेल तर फ्यूज उडतो किंवा वायरचं इन्सुलेशन वितळतं. बबलर छोटा असेल तर कॉस्टिकचे तुषार गॅसबरोबर आत जातात आणि ॲल्युमिनियमची थ्रॉटल बॉडी खातात. पांढरी भुकटी जमलेली दिसली तर समजून जा. "पोटॅश कशाला, खाण्याचा सोडा टाका" हा सल्ला तर घातकच. स्टेनलेसमधलं क्रोमियम सुटून पाणी पिवळं-तपकिरी होतं, आणि त्यात कर्करोगाला कारण ठरणारं हेक्साव्हॅलंट क्रोमियम असू शकतं. ते गटारात ओतायचं नाही, हातही लावायचा नाही. मीठ टाकलं तर क्लोरीन निघतो. मागे येणारी आग अडवणारा फ्लॅशबॅक अरेस्टर नसेल आणि इंजिनाने बॅकफायर केलं तर पाइपातून आग मागे बबलरपर्यंत येते. प्लास्टिकच्या बरणीचा बबलर अशा वेळी बॉनेटखाली फुटतो.

किटचं खरं-खोटं करायचं असेल तर पेट्रोल वजनावर मोजा, बाहेरच्या छोट्या कॅनमधून, तेही हे काम रोज करणाऱ्याच्या हातून. ईएफआयईची डबी काढून ठेवा. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, किट चालू, मग बंद, मग पुन्हा चालू. चालवणाऱ्याला आत्ता चालू आहे की बंद हे कळता कामा नये. शेजारी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतोय, ते बघत राहा. नाहीतर विकणाऱ्याला सरळ एआरएआयचं, म्हणजे वाहनं तपासून मान्यता देणाऱ्या संस्थेचं, टाइप अप्रूव्हल मागा. ती संस्था आपल्या पुण्यातच आहे. आयएसओचा कागद दाखवला तर तो कारखान्याच्या कारभाराचा असतो, ॲव्हरेजचा नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाने फेरफार करता येत नाहीत, सीएनजी किटसुद्धा मान्यताप्राप्तच लागतं आणि आरसी बुकात चढवावं लागतं. उद्या गाडी पेटली आणि बॉनेटखाली ही बरणी निघाली, तर विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळालं.

'दोनशे मैलांचा कार्ब्युरेटर' ही याच घराण्यातली थोरली दंतकथा. कॅनडातल्या विनिपेगच्या चार्ल्स नेल्सन पोगने १९३० च्या दशकात पेटंटं घेतली, आणि गॅलनला २०० मैल, म्हणजे लिटरला सत्तर-ऐंशी किलोमीटरचा बोलबाला झाला. कल्पना अशी की पेट्रोलची आधीच पूर्ण वाफ करायची. पण साध्या इंजिनातही बहुतेक सगळं पेट्रोल जळतंच. तोटा होतो तो सायलेन्सर आणि रेडिएटरमधून जाणाऱ्या उष्णतेचा, वाफ केल्याने तो थांबत नाही. उलट गरम वाफ जागा जास्त खाते, सिलिंडरमध्ये हवा कमी जाते, ताकद घटते, नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठकठकणं) वाढतं. त्या काळच्या खोक्यासारख्या गाडीला ताशी ६० च्या वेगाने ढकलायला किलोमीटरला अंदाजे ४०० किलोज्यूल लागत असतील, तर पेट्रोलचा कण न् कण चाकापर्यंत पोचला तरी लिटरला ८० च्या पुढे जाता येत नाही. शंभर टक्के कार्यक्षमतेचं इंजिन कार्ब्युरेटर बदलून होत नसतं.

२००८ मध्ये जपानच्या जेनेपॅक्सने पाण्यावरची गाडी दाखवली. ती मुळात आपली बंगळूरची रेवा होती, म्हणजे आधीच विजेवर चालणारी! वर्षभरात कंपनीने पैसे संपल्याचं सांगून गाशा गुंडाळला. पाण्याशी संयोग पावणारा धातू आत ठेवला तर हायड्रोजन मिळतो हे खरं, पण मग इंधन तो धातू असतो. एक किलो ॲल्युमिनियम गाळायला १३ ते १५ युनिट वीज जाते आणि त्याच्यापासून मिळालेला हायड्रोजन ३.७ युनिटांचा.

आपल्याकडचा तमिळनाडूचा रामर पिल्लै तर १९९६ मध्ये 'वनस्पतींपासून पेट्रोल' म्हणून देशभर गाजला. सीबीआयच्या खटल्यात ते जडीबुटीचं पेट्रोल म्हणजे टोल्युइन-नॅफ्थासारख्या पेट्रोलियम पदार्थांचीच भेसळ ठरली आणि २०१६ मध्ये चेन्नईच्या कोर्टाने तीन वर्षांची शिक्षा दिली. तरीही 'बिचाऱ्याला संपवलं' हे ऐकू येतंच.

कंपन्या धुतल्या तांदळाच्या आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत पेट्रोलमध्ये शिसं घातलं की नॉकिंग थांबतं हे सापडलं. अल्कोहोलनेही नॉकिंग थांबतं हे त्यांना माहीत होतं, पण अल्कोहोलवर मक्तेदारी मिळण्यासारखी नव्हती. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत शिशाच्या विषबाधेने पाच कामगार गेले, तरी शिसं चालूच राहिलं. भारतात ते २००० साली बंद झालं, जगातला शेवटचा देश अल्जीरिया, २०२१. दाबादाबी झाली ती इथे, आणि जे दाबलं ते इंजिन नव्हतं, विषाबद्दलची माहिती होती. विजेच्या गाड्यांबाबतही कंपन्या धुतल्या तांदळाच्या नाहीत: जनरल मोटर्सने १,११७ ईव्ही-१ बनवल्या, परत घेऊन बहुतेक चेचून टाकल्या. तिच्यातल्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीच्या पेटंटांवर पुढे शेव्हरॉन या तेल कंपनीचा ताबा होता. हे सगळं नोंदीवर आहे. आणि तरीही विजेची गाडी थांबली नाही, लिथियम बॅटरीने त्या पेटंटांना वळसा घातला.

आता कमेंटमध्ये किटचे व्हिडिओ येतीलच. जरूर टाका. फक्त त्यात तीन गोष्टी एकाच फ्रेममध्ये दिसू द्या: सेलच्या वायरवरचा क्लॅम्प मीटर, उलटी बाटली, आणि सेकंद काटा. बर्फाच्या पाण्यातून पाइप फिरवलेला असेल तर उत्तमच. नुसते बुडबुडे दाखवणारे व्हिडिओ टाकू नका.