टंगस्टाइटचं पाणी पिऊन साखर उतरत नाही

मावशीने काल रात्री एक फॉरवर्ड पाठवला, खाली प्रश्न: "मागवू का रे?" मजकूर असा, की टंगस्टाइट नावाचा दुर्मिळ पिवळा दगड आकाशातून पडतो, सोन्याइतका जड असतो, कशानेही फुटत नाही, आणि रात्रभर पाण्यात ठेवून ते पाणी प्यायलं की साखर उतरते. तिला मधुमेह आहे, म्हणून शेवटच्या थापेपासून सुरुवात करतो.

टंगस्टाइट म्हणजे पाण्याचा रेणू धरून बसलेलं, टंगस्टन या धातूचं ऑक्साइड. साध्या पाण्यात ते जवळपास विरघळतच नाही. मग रात्रभर भिजवून पाण्यात उतरणार काय? उतरलंच तर सोबतचं काहीतरी. टंगस्टनच्या खनिजांबरोबर आर्सेनिकचं खनिज सापडणं नेहमीचं आहे.

एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. मधुमेही उंदरांना सोडियम टंगस्टेट दिल्यावर त्यांची साखर कमी झाली होती. पण तो प्रयोगशाळेतला, टंगस्टनचा विरघळणारा क्षार, मोजून दिलेला, आणि उंदरांना. विरघळलेलं टंगस्टन माणसाच्या पोटात भलत्या प्रमाणात गेलं तर काय होतं, ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९६ मध्ये आलंय. फ्रेंच तोफखान्यातल्या १९ वर्षांच्या जवानाने तोफेच्या तापलेल्या नळीत खळबळवलेली वाइन प्यायली. थोड्याच वेळात मळमळ, झटके, मग बेशुद्धी. पुढे मूत्रपिंडं बंद पडली. तपासात त्याच्या शरीरात नळीतून उतरलेलं टंगस्टन निघालं. पोरगा वाचला, हे नशीब. म्हणजे विरघळलं नाही तर उपयोग शून्य, आणि विरघळलं तर हे.

बाकीचं पटकन. सोन्याइतकी जड असते ती टंगस्टन धातू, घनता १९.३ च्या आसपास, टंगस्टाइटची साडेपाच. हा दगड इतका मऊ, की नखानेही ओरखडा उठावा. आणि आकाशातून? वुल्फ्रमाइट किंवा शीलाइट, म्हणजे टंगस्टनची खनिजं, जमिनीलगत हवापाण्याने कुजली, की त्यावर पिवळी भुकटी धरते. तेच टंगस्टाइट. त्याला हे नाव १८६८ मध्ये मिळालं, तेही अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधल्या एका खाणीतल्या नमुन्यांवरून.

हो, आणि फॉरवर्डमधला फोटो. लख्ख सोनेरी, काटकोनी ठोकळे. मावशी, ते पायराइट दिसतंय, लोखंड आणि गंधक. थापा मारणाऱ्याला दगडसुद्धा नीट निवडता आला नाही. मागवू नकोस, आणि गोळ्या चुकवू नकोस.