काइंडली अस्वल विथ अस

मागच्या गुरुवारी आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर दिवसभर एक इंग्लिश वाक्य लटकत होतं, त्याचं सरळ मराठी करायचं तर असं होतं: टाकी साफ करायची असल्याने सकाळी १० ते ५ पाणी बंद राहील, तरी कृपया आमच्यासोबत कपडे काढा. खाली सेक्रेटरी म्हणून माझं नाव.

हे मी लिहिलेलं नाही. आधीच सांगून टाकते, कारण आठवडा होत आला तरी तिसऱ्या मजल्यावरची ती कॉन्व्हेंटमध्ये शिकवणारी सून लिफ्टमध्ये भेटली की माझ्याकडे न बघता लिफ्टच्या बटणांकडे बघत हसते.

सेक्रेटरी मी कशी झाले ते विचारू नका. मीटिंगला उशिरा पोचले, तोवर सगळ्यांनी नकार देऊन झाले होते. आणि नोटीस इंग्लिशमध्ये का, हेही विचारू नका. बिल्डिंगमध्ये २८ घरं, त्यातली २५ मराठी, एक गुजराती कुटुंब जे तीन पिढ्या ठाण्यात आहे आणि एक तमिळ आजी ज्या माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात. राहिला तो एक फ्लॅट बंद. पण चेअरमन म्हणतात इंग्लिशमध्ये लिहिलं की वजन पडतं. कुणावर पडतं ते आता कळलं.

तर मी लिहिलं होतं ‘काइंडली बेअर विथ अस’. बी-ई-ए-आर. म्हणजे जरा सोसा, सांभाळून घ्या. सोमवारी रात्री नोटीस लावली आणि मंगळवारी सकाळी ऑफिसला निघाले तर लिफ्टसमोर चारशे दोनमधले काका उभे, हातात लाल पेन, नजर बोर्डावर, आणि आजूबाजूला पाच-सहा माणसं. काका एका सरकारी ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले, आणि त्यांच्याच सांगण्यानुसार त्यांनी चौतीस वर्षं साहेबांचं ड्राफ्टिंग सुधारलं. साहेब सुटले, आता आम्ही आहोत.

“हे कुणी लिहिलंय?” काकांनी विचारलं. खाली माझं नाव होतं, बाजूला मी होते.

“मी, काका.”

“हे बघ, रागावू नकोस. पण बेअर म्हणजे काय?”

“सहन करणं.”

“बेअर,” काका सगळ्यांकडे वळून म्हणाले, “म्हणजे अस्वल.” आणि मग चौतीस वर्षं ड्राफ्टिंग केलेल्या त्या माणसाने दोन्ही हात वर करून बोटांच्या नख्या करून दाखवल्या, कुणाला शंका राहायला नको म्हणून. “काइंडली अस्वल विथ अस? आपण सोसायटी चालवतोय का सर्कस?”

कोथिंबिरीची जुडी घेऊन उभ्या असलेल्या दोनशे एकच्या वहिनी खळखळून हसल्या. यांना गेल्या दिवाळीत मी स्वतः चकलीची भाजणी दिली होती.

मी म्हटलं, “काका, त्याच स्पेलिंगचे दोन शब्द आहेत. एक अस्वल, एक सोसणं.”

“असं कसं असेल? एका स्पेलिंगचे दोन शब्द असतील तर माणसाने वाचायचं कसं? सोसणं म्हणजे बी-ए-आर-ई. केअर कसं लिहितेस? सी-ए-आर-ई. डेअर? शेअर? फेअर? सगळीकडे ए-आर-ई. मग बेअरनेच काय पाप केलंय?”

“आणि वेअर? कपडे वेअर करतो ते? ई-ए-आर. पेअर?”

“पेअर फळ आहे,” काका म्हणाले. याला उत्तर काय द्यायचं? मी अजून शोधतेय.

साडेआठ वाजत आलेले, मला आठ एकेचाळीसची लोकल पकडायची होती, आणि मी खरं तर तिथेच सोडून द्यायला हवं होतं, पण मला राग आला की माझं तोंड माझ्या आधी धावतं. मी म्हटलं, “काका, बी-ए-आर-ई म्हणजे उघडं.” खरा शब्द नागडं होता, पण समोर पाचवीतलं एक पोर दप्तर घेऊन उभं होतं.

काकांचा चेहरा एकदम उजळला. “बरोब्बर! उघडं! उघडपणे. मोकळेपणाने. पारदर्शकपणे आमच्यासोबत राहा, असा अर्थ आहे तो. सोसायटीचा कारभार उघडा नको का?”

“हवाच की!” वहिनी म्हणाल्या, आणि पहिल्या मजल्यावरचे ते, जे मेंटेनन्सचे हिशेब गेली दोन वर्षं मागतायत, त्यांनी तर मान अशी हलवली की जणू आता तरी हिशेब उघडा होईल. बघता बघता मुद्दा स्पेलिंगवरून भ्रष्टाचारावर गेला आणि मी, जिने अजून सोसायटीच्या पैशाने साधा चहा प्यायला नाही, त्या कारभाराची लपवाछपवी करणारी बाई झाले.

पार्सल घेऊन आलेला मुलगा बिचारा म्हणाला, “गुगल करा ना.” पाचवीतल्या पोराने वहिनींचा फोन घेऊन केलंही, आणि मी सांगत होते तेच दाखवलं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं आणि फोन परत दिला. “गुगल अमेरिकन आहे. त्यांचं स्पेलिंग वेगळं. कलरमधला यू खाल्लाय त्यांनी.”

आता हे खरंच आहे, वाईट तेच आहे. वेबस्टर नावाच्या गृहस्थांनी १८२८ साली अमेरिकेची स्वतःची डिक्शनरी काढली आणि त्यातून तो यू गेला. पण त्यांनी अस्वलाला हात लावला नव्हता! खोट्या गोष्टीच्या शेजारी एक खरी गोष्ट नेऊन ठेवली की खोटीही खरी दिसायला लागते. चौतीस वर्षांचं ड्राफ्टिंग म्हणतात ते हेच असावं.

मधेच वॉचमनने विचारलं, “मॅडम, पण पाणी कधी जाणारे?” त्याच्याकडे कुणीच लक्ष दिलं नाही. मीपण नाही.

लोकल गेली.

एक कबूल करते. मी काही इंग्लिशची पंडित नाही. नौपाड्यातल्या मराठी शाळेत शिकले, इंग्लिश पाचवीपासून. पहिल्या नोकरीत मी एका मेलमध्ये लिहिलं होतं की आपण हा क्लायंट गमावणार नाही, फक्त गमावणं लिहिताना एक ओ जास्त पडला आणि त्याचा अर्थ ढिला सोडणार नाही असा झाला. साहेबांनी सगळ्यांना सीसी ठेवून उत्तर दिलं, “क्लायंटचं पोट ठीक आहे.” तेव्हापासून माझ्याकडे एक वही आहे. जेवणानंतरच्या गोडात एस दोन, वाळवंटात एक. शाळेच्या प्रिन्सिपलच्या शेवटी पी-ए-एल, पी-ए-एल म्हणजे मित्र, म्हणून प्रिन्सिपल आपला मित्र असं लक्षात ठेवायचं. आमच्या मुख्याध्यापिका बाईंच्या हातात कायम छडी असायची, त्यामुळे मला ते लक्षात ठेवायला फार जड गेलं. सांगायचं काय, की इतकी वर्षं वही घासून ज्या चार-दोन जोड्या मला छातीठोक येतात, त्यातली ही एक, आणि नेमकी तिच्यावरच मार खाल्ला. चुकले असते तर इतकं लागलं नसतं.

बरं, काकांनी लाल पेनने गोल केला असता तर चाललं असतं. निदान दिसलं असतं की हा दुसऱ्याचा उद्योग आहे. पण काका पडले व्यवस्थित. नोटिशीची फाईल ग्रुपवर होतीच, ती त्यांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे नेली, तिथे सुधारून घेतली, स्वतःच्या खिशातून पैसे देऊन कोरी करकरीत प्रिंट काढली आणि माझी काढून ती लावली. खाली माझं नाव तसंच. मी रात्री उशिरा आले, बुधवारी पहाटे गेले, बोर्डाकडे बघितलंच नाही. गुरुवारी दुपारी त्या सुनेच्या स्टेटसवर फोटो बघितला. माझ्या नावासकट.

त्या झेरॉक्सवाल्याला मी दोष देत नाही. त्याच्या दुकानाच्या पाटीवरच स्टेशनरी ए-आर-वायवाली आहे, म्हणजे जागचं न हलणारं. वह्या-पेनांची ती ई-आर-वाय, एन्व्हलपचा ई लक्षात ठेवायचा, वहीत आहे माझ्या. पण खरी मजा अशी की दोन्ही शब्द एकाच घरातले. जुन्या काळी युरोपात फिरते विक्रेते असायचे आणि युनिव्हर्सिटीच्या आसपास जे एका जागी दुकान मांडून पुस्तकं-कागद विकायचे ते स्टेशनर, म्हणजे ठिय्या देऊन बसलेले. लंडनात त्यांचा संघ १४०३ साली निघाला. आमचा झेरॉक्सवाला आमची बिल्डिंग उभी राहायच्या आधीपासून त्याच कोपऱ्यात त्याच स्टुलावर आहे, गिऱ्हाईक आलं तरी उठत नाही, पोराला हाक मारतो. त्याची पाटी जशी आहे तशी बरोबर आहे.

गुरुवारी पाणी गेलं. आणि मग फोन. पाणी का नाही, किती वाजेपर्यंत नाही, आधी सांगायला काय झालं होतं. वहिनींचा तर दोनदा. मी म्हटलं, “वहिनी, नोटीस होती ना, तुम्ही तर समोरच उभ्या होतात!” तर म्हणाल्या, “अगो, ते अस्वलाचं चाललं होतं, त्यात पाण्याचं कुठे वाचलं?” संध्याकाळी ग्रुपवर काकांचा मेसेज, नोटिशीची भाषा अधिक सुस्पष्ट हवी. त्याला अकरा अंगठे. मी मोजले.

रात्री जेवले नाही नीट. अकरा वाजता डिक्शनरी उघडून बसले. नवरा म्हणाला, “झोप, काका बहात्तर वर्षांचे आहेत.” मुलगी म्हणाली, “आई, सोड ना.” सगळ्यांना सोडायला मीच सापडते. तर त्यात असं निघालं की सोसण्याचा बेअर आणि आपला भार हे एकाच मुळाचे, संस्कृत भृ धातू, भरति, भार, आणि तिकडे तोच बेअर. अस्वलाच्या बेअरचा त्याच्याशी काही संबंध नाही. तिकडच्या लोकांना अस्वलाची इतकी भीती की त्याचं खरं नाव घ्यायचे नाहीत, तो तपकिरी, असं म्हणायचे, असं भाषेचे अभ्यासक मानतात. आपल्याकडे रात्री सापाला लांबडं म्हणतात ना, तसं. आणि खरं जुनं नाव राहिलं ते संस्कृतात, ऋक्ष, जांबवंताला ऋक्षराज म्हणतात तो. इतकं सुंदर उत्तर! भार म्हणजे बेअर, काका, भार सोसा! पण हे सुचलं गुरुवारी रात्री पावणेबाराला आणि भांडण मंगळवारी सकाळी साडेआठला झालेलं. आता काय त्यांची बेल वाजवून सांगू?

देवनागरीत लिहिलं की दोन्ही बेअर सारखेच दिसतात. भांडणच नाही. म्हणून मी ठरवलं, खड्ड्यात गेलं ते वजन, ह्यापुढे नोटीस मराठीत. ह्या शुक्रवारी दिवसभर पाणी नाही असं वरूनच कळवलं होतं, तर काल बुधवारी रात्री मी फोनवर टाईप करून, प्रिंट काढून, चार ओळी लावून टाकल्या. कुणालाही कळेल अशा.

आज संध्याकाळी आले तर बोर्डावर लाल गोल.

‘शुक्रवारी दिवसभर पाणि येणार नाही’ असं मी लिहिलं होतं. पहिली वेलांटी. बाजूला काकांच्या त्या वळणदार अक्षरात: पाणि म्हणजे हात, पहा पाणिग्रहण. शुक्रवारी हात येणार नाहीत काय?

मी तिथेच उभी राहिले. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आणि मध्ये पहिली वेलांटी आहे, तर पाणि मध्ये का नको? केअर, डेअर, शेअर, तसंच ना. आणि मग हे कुणासारखं झालं ते लक्षात येऊन कान गरम झाले.

घरी जाऊन शुद्धलेखनाचे नियम काढले. साहित्य महामंडळाचे, १९६२चे, मराठी शब्दाच्या शेवटची वेलांटी दुसरी. त्यात संस्कृतातून आलेले शब्दसुद्धा आले, कविचा कवी झाला तो त्याचमुळे. अपवाद म्हणून आणि, नि असे मोजके. समासात मात्र पाणिग्रहण पहिलीच. म्हणजे मी चुकलेच, पण काकांनी बोर्डावर जो एकटा हात लिहिलाय, पाणि म्हणजे हात, तोसुद्धा मराठीत दुसऱ्या वेलांटीनेच लिहायला हवा! हे सुचायला ह्या वेळी दोन दिवस लागले नाहीत. वीस मिनिटं.

मुलीच्या कंपासमधून लाल पेन घेतलं. साडेदहा वाजून गेले होते, लॉबीत कुणी नव्हतं. काकांच्या पाणिभोवती मी एक गोल काढला, जरा मोठाच, आणि समोर नियम लिहायला घेतला. पेन उभ्या कागदावर चालेना, दोनदा झटकलं.

मागून वॉचमन येऊन उभा राहिला. बराच वेळ बोर्डाकडे बघत होता.

“मॅडम,” तो म्हणाला, “उद्या पाणी आहे का नाही?”