स्टेडियम बांधलं की शहर श्रीमंत होतं? थोडा खुलासा

एक मेसेज फिरतोय, की स्टेडियम बांधलं की गावाची अर्थव्यवस्था वाढते हे ब्रिटनमधल्या एका सेंटरने सिद्ध केलंय, आणि पुरावा काय तर आजूबाजूच्या घरांचे भाव चढतात. अर्धंच खरंय हे. ते सेंटर म्हणजे २०१३ साली सुरू झालेलं व्हॉट वर्क्स सेंटर फॉर लोकल इकॉनॉमिक ग्रोथ. त्यांनी खेळ-संस्कृतीच्या प्रोजेक्ट्सवरचे साधारण ५५० अहवाल नि पेपर चाळले, निकषात बसले फक्त ३६! कारण बाकीच्यांत बरेचसे नुसते आधी-नंतरचे आकडे, आणि जिथे स्टेडियम झालंच नाही अशा सारख्या भागाशी तुलना केल्याशिवाय नोकऱ्या स्टेडियममुळे वाढल्या की तशाही वाढल्याच असत्या हे कळणार कसं?

आणि निष्कर्ष काय, तर स्थानिक अर्थव्यवस्थेवर परिणाम मोठा नाहीच, बहुतेकदा शून्य. घरांचे भाव वाढू शकतात, पण अगदी लगतच्या भागात, आणि भाडेकरूला त्यात काय मिळालं सांगा!

मैदानं बांधूच नका असं कुणी म्हणत नाहीये हां, पोरांना खेळायला हवीतच, पण मग पैसे खेळासाठी मागा, रोजगाराच्या नावाखाली नको.