गोळी सोडा, ध्यान शिकवा, 50 हजार कमवा : या मेसेजमधलं खरं किती?

सोलापुरातल्या भिशीच्या, बचत गटांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. 21 दिवसांचा ऑनलाइन कोर्स करा, बायकांसाठी ध्यानाचे वर्ग काढा, घरबसल्या महिन्याला 50 हजार मिळवा. फी 14,999 रुपये, सर्टिफिकेट ‘सरकारमान्य’, तीन मैत्रिणी आणल्या की निम्मी फी परत. शेवटी ठळक अक्षरांत : या ध्यानाने थायरॉइड, पीसीओडी, बीपी मुळापासून जातं, गोळ्या सुटतात. माझ्या मोठ्या जाऊबाई जुळे सोलापुरात युनिफॉर्म शिवायचं काम करतात. त्यांनी मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, “भिशी लागलीय, भरू का गं पैसे?” आता गप्प बसवत नाही.

आधी गोळ्यांचं बोलते, कारण बाकीच्या थापांत पैसे जातील, इथे तब्येत जाईल. जाऊबाई स्वतः रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेतात, चहा त्यानंतर अर्ध्या तासाने. शरीरात कमी पडणारं थायरॉक्सिन हे हार्मोन त्या गोळीतून भरून निघतं. ग्रंथीच ते पुरेसं बनवत नसेल, तर कंठावर लक्ष एकाग्र करून ते बनायला लागत नाही. यात फसायला होतं ते असं, की गोळी सोडल्यावर लगेच काहीच जाणवत नाही. हे औषध शरीरात रेंगाळतं, त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच जवळपास आठवडा लागतो. म्हणजे सुरुवातीचे दिवस बाईला वाटणार, गोळीशिवायही छान चाललंय. त्याच भरात तिचा अनुभवाचा व्हिडिओ काढून घेतला जाणार. मग हळूहळू थकवा, अंगावर सूज, बद्धकोष्ठता, पाळीचा गोंधळ सुरू होतो. गरोदर बाईने गोळी सोडली तर गर्भपाताचा धोका वाढतो, बाळाच्या मेंदूच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो.

डोस बदलला की डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करायला सांगतात, कारण त्याआधी आकडा स्थिरावत नाही. मग 21 दिवसांत थायरॉइड ‘मुळापासून गेला’ हे या लोकांनी कशावरून ठरवलं? बीपीच्या गोळीचंही तेच, ती मनाने बंद करायची नसते. आणि हे सगळं शेजारणीला सांगणार कोण? कोर्स केलेली आपलीच बाई. उद्या काही बरंवाईट झालं तर लोक तिच्या दारात येतील, कोर्सवाला तोवर नंबर बदलून बसलेला असेल.

ध्यानाचा उपयोगच नाही, असं मी म्हणत नाही. 2014 साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात 47 चाचण्यांचा, 3,515 लोकांचा एकत्रित आढावा आला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाने थोडा-मध्यम फरक पडतो, असं त्यात दिसलं. पण झोप आणि वजन यांबाबत ठोस पुरावा मिळाला नाही, आणि औषधं किंवा व्यायामापेक्षा ध्यान सरस ठरल्याचंही दिसलं नाही. मेसेजवाल्यांनी यातला पहिला अर्धा उचलला आणि पुढे मनाचं जोडलं. डोळे मिटल्यावर एखादीच्या जुन्या जखमा वर येतात, रडू आवरत नाही. तेव्हा काय करायचं, यावर त्यांच्या पत्रकात एक ओळ नाही. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा 14416 वर चोवीस तास मोफत आहे, हेही नाही.

आता 50 हजार. एका बाईकडून महिन्याला 500 घेतले तरी शंभर बायका हव्यात, दर महिन्याला. विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं राहण्या-जेवणासह दानावर चालतात, ब्रह्माकुमारी केंद्रात फी नाही, यूट्यूब फुकट. त्यात आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. ज्या पहाटे पाणी येतं त्या पहाटे वर्गाला कोण येणार? हंडे, टाक्या, पिंप भरेपर्यंत बाई दारातून हलत नाही.

बायका पैसे देतात, एवढं मात्र कबूल करावं लागेल. दुपारी तासभर घराबाहेर, कुणी हाक मारणार नाही अशा जागी बसायला मिळत असेल तर दोनशे-तीनशे देणाऱ्या मला माहीत आहेत. अशा पंधरा जणी जमल्या तर महिन्याला तीन ते साडेचार हजार होतात. तो जोडधंदा झाला, आणि त्याला 14,999 चा कोर्स लागत नाही.

‘सरकारमान्य’चं थोडक्यात. नमुना सर्टिफिकेटवर उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक आहे. ती नोंदणी आधारवरून कुणालाही मोफत मिळते. तिथे कोर्सचा दर्जा कुणी तपासत नाही. खरंच शिकवायचं असेल तर आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा आहे, ती द्यावी.

राहिली तीन मैत्रिणींची अट. नवी माणसं भरती केल्याबद्दल पैसे देणाऱ्या पिरॅमिड योजनांना 2021 च्या डायरेक्ट सेलिंग नियमांनी मनाई केली आहे, आणि ही अट त्याच वळणाची आहे. जाऊबाईंना मी फोनवर नाही म्हणून सांगितलंय. ज्यांनी आधीच भरले असतील त्यांनी पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट आणि तो गोळ्यांचा मेसेज डिलीट करू नये, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवताना दोन्ही लागतील.